मारेकऱ्याची डावी टाच

बूट सपाट काचेवर ठेवले की उजवा ठाम बसायचा आणि डावा किंचित बाहेरच्या अंगाला कलायचा. डाव्या टाचेखाली जी फट राहायची तिच्यात पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान अलगद सरकायचं. दोन पानं एकत्र धरून सरकवली तर अडायची. फट तेवढीच होती. पण बूट जुन्या बाजारातून घेतले तेव्हा ती नव्हती. पावलंबाईंनी तिथेच, दुकानदाराच्या काउंटरवर, दोन्ही टाचा नीट पारखून घेतल्या होत्या, कारण टाच सारखी नसेल तर आवाज सारखा येत नाही. म्हणजे ही झीज आधीच्या मालकाची नव्हती. ती त्यांची स्वतःची होती.

त्यांनी पान कॅटमध्ये परत ठेवलं, बूट पिशवीत घातले आणि उगाचच काच पुसून घेतली.

सिनेमातला माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारा आवाज बहुतेक वेळा त्याच्या पायांचा नसतो. शूटिंग चालू असताना माइक त्याच्या तोंडाशी लागलेला असतो, पायांकडे कोणाचं लक्ष नसतं. मग पुढे कधीतरी एका बंद खोलीत पडद्यावर तेच दृश्य लावतात आणि कोणीतरी त्या माणसाबरोबर जागच्या जागी चालतं. गेली कित्येक वर्षं हे कोणीतरी म्हणजे पावलंबाई होत्या. त्यांना हे नाव कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. चिकटलं ते चिकटलं. खोलीच्या जमिनीत चौकोन पाडलेले होते. एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात रेती, एकात खडी, एकात सुका पाला. बाई उंचीने बेताच्या, अंगानेही बेताच्याच. पण या चौकोनांवर त्यांनी पैलवान चालवले होते, नवऱ्या चालवल्या होत्या, दारूडे आणि हवालदार चालवले होते, आणि एकदा तर उशीला दोरी बांधून हत्तीसुद्धा. युक्ती एकच होती. पडद्यावरच्या माणसाच्या पायांकडे बघायचं नाही. पायांकडे बघितलं की आपल्याला उशीर होतो. खांद्यांकडे बघायचं. पाऊल पडणार हे खांद्यांना आधी कळतं.

काचेच्या पलीकडे कानांना हेडफोन लावून त्यांचे धाकटे दीर बसायचे. आवाज टिपायचं, तो चित्राशी जुळवायचं काम त्यांचं.

"वहिनी, आज नवरी आहात, जरा हलक्या पायानं," ते माइकवरून म्हणायचे. "काल दरोडा घातलात तो विसरा आता."

"नवरीलाही घाई असते, भाऊजी. तुमच्या बायकोला विचारा."

"तिला घाई नव्हती. तिला फसवून आणलेलं."

असं सगळं हसतखेळत चाललेलं. गेल्या वर्षी मात्र हाडांच्या डॉक्टरांनी पावलंबाईंच्या डाव्या गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि पेन्सिलीच्या टोकाने एक जागा दाखवली. दोन हाडांमध्ये जी मऊ गादी असायला हवी ती उरलीच नव्हती. सांधा बदलावा लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि हे पाय आपटणं बंद. पावलंबाईंनी समजूतदारपणे मान हलवली, घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "व्हिटॅमिन कमी आहे म्हणे," आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन खडीवर एका फरारी कैद्याला पळवून आणलं.

भीती ऑपरेशनची नव्हती. भूल, टाके, कुबडी, हे सगळं त्यांनी शांतपणे वाचून काढलं होतं, आणि वाचलेल्या गोष्टीची त्यांना कधी भीती वाटत नसे. भीती होती एका वाक्याची. "मला आता जमत नाही" हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की परत आत घेता येत नाही. म्हणून हा सिनेमा होऊ दे, मग बघू. तो होऊ दे, मग बघू. उन्हाळा सरू दे, मग तर नक्कीच बघू, असं करत वर्ष निघून गेलं होतं.

आणि नेमका आता हा सिनेमा आला होता.

गोष्ट एका म्हाताऱ्या मारेकऱ्याची. आयुष्यभर सुपाऱ्या घेऊन माणसं मारलेला, आता थकलेला, डोळ्यांनी अधू झालेला. पण धंदाच असा की डोळे गेले हे कळायचा अवकाश, पुढची सुपारी त्याचीच निघणार. म्हणून तो ते सगळ्यांपासून लपवतो आणि शेवटचं काम अंगावर घेतो. अखेरीस एक लांबच लांब बोळ. म्हातारा चालतोय. कॅमेरा फक्त त्याच्या चेहऱ्यावर. पाय दिसत नाहीत, संगीत नाही, संवाद नाही. फक्त पावलं. बोळाच्या टोकाला एक दार आहे, तो ते उघडतो, पडदा पांढरा होतो आणि सिनेमा संपतो.

ती पावलं पावलंबाईंनी त्या जुन्या बाजारातल्या बुटांत टाकली त्या दिवशी गुडघा सकाळपासून आडमुठेपणा करत होता. टाकता टाकताच त्यांना कळलं होतं. उजवं पाऊल भरून पडत होतं. डावं क्षणभर उशिरा, आणि जरा कमी. ठप्प... ठप. ठप्प... ठप. त्या थांबल्या, पुन्हा करू म्हणणार, तेवढ्यात काचेपलीकडून भाऊजींनी अंगठा वर केला.

"झालं, वहिनी. झकास. चला, चहा."

भाऊजींच्या कानांना सुईसुद्धा पडलेली ऐकू येते. त्यांना हे कसं ऐकू आलं नाही? की आलं, आणि ते बोलले नाहीत? पावलंबाईंनी चहा घेतला आणि विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

सिनेमाचा दिग्दर्शक तरुण होता आणि त्याची एक खोड होती. सिनेमा पक्का करण्याआधी तो एक छोटं थिएटर दुपारचं भाड्याने घ्यायचा, आजूबाजूच्या वाटेल त्या माणसांना बोलवायचा, आणि शेवटी दिवे लावून त्यांना मोठ्याने बोलायला लावायचा. काम केलेल्या मंडळींनी प्रेक्षकांमध्ये इकडेतिकडे विखरून बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, हा नियम. तो स्वतः टोपी डोळ्यांवर ओढून शेवटच्या रांगेत बसायचा. बोलायला लावायचं काम त्याच्या थोरल्या बहिणीचं. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि थिएटर असो की वर्ग, तिला फरक पडत नसे.

आता दिवे लागले होते. पावलंबाई मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, बुटांची पिशवी मांडीवर घेऊन, डावा पाय लांब करून बसल्या होत्या. भाऊजी दोन रांगा पुढे. त्यांची फक्त मान दिसत होती.

"एकेक जण," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हात वर करून. खरं बोलायचं. चांगलंच बोललं पाहिजे असं काही नाही. कुजबुज नको, मागे!"

मागची दोन कॉलेजची मुलं दचकून सरळ बसली.

पहिला हात एका धिप्पाड टॅक्सीवाल्याचा. "पिक्चर बरा आहे. पण कापा थोडा. एवढ्या वेळात मी चार भाडी मारली असती."

हशा पिकला. त्यानंतर एक टापटीप गृहस्थ उभे राहिले. "मी दातांचा डॉक्टर. मला एक सांगा, ज्याला समोरच्या टेबलावरचा पेला दिसत नाही, त्यानं गच्चीवरून नेमकी गोळी मारली कशी? मला चष्म्याशिवाय पेशंटची दाढ सापडत नाही."

"म्हणून मी येत नाही तुमच्याकडे," कोणीतरी म्हणालं.

"कोण ते? हात वर न करता?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

मग एक पांढऱ्या केसांच्या आजी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "मला म्हातारा आवडला. माणसं मारतो ते सोडा." पुन्हा हशा. "नाही, खरंच. गोळीबार सुरू झाला की मी डोळे मिटून घेते. पण डोळे मिटले तरी मला कळत होतं, हा आला. त्याची ती चाल! एक पाय टेकतो आणि एक नुसता ठेवतो. माझे यजमान शेवटी शेवटी असेच चालायचे. नटानं काय काम केलंय हो!"

पावलंबाईंनी लांब केलेला डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. पुढे भाऊजींची मान जराशीही हलली नाही.

"तेच ते!" मागच्या मुलांपैकी एक जण हात वर करायला विसरून ओरडला. "ते लंगडणं! पूर्ण पिक्चरमध्ये एकदाही कोणी बोलत नाही त्याबद्दल. सगळे डोळ्यांचंच बोलतात. म्हणजे डोळ्यांचं लपवतोय असं आपल्याला वाटतं, आणि खरं लपवतोय तो पाय!"

"आणि भूतकाळात?" त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली. "तो विशीत असताना, पहिला खून करून जिना उतरतो, अंधारात. तेव्हाही तसाच उतरतो. नीट ऐकलंस का? तेव्हाही लंगडतोय."

"तेच म्हणतोय मी! म्हणजे लहानपणापासूनच! जन्मभर लपवलंय त्यानं!"

"अरे कसलं जन्मभर," टॅक्सीवाला मागे वळला. "चूक आहे ती. विशीतला पोरगा जिन्यावरून कसा उतरेल? धाडधाड उतरेल. हा म्हाताऱ्यासारखा उतरतोय. यांनी म्हाताऱ्याचाच आवाज तिथे चिकटवला असणार. पैसे वाचवायला."

"अजिबात नाही. तो क्लू आहे."

"क्लू तुझ्या कॉलेजात. गाडीचा एक टायर कमी हवेचा असेल तर मला आवाजावरून कळतं. हा तोच आवाज आहे, आधीचा आणि नंतरचा."

पावलंबाईंनी शाल घट्ट ओढून घेतली. जिना! जिन्याचं त्या साफ विसरल्या होत्या. तोही त्यांनीच उतरला होता, लाकडी फळ्यांवर, त्याच आठवड्यात, त्याच गुडघ्याने. विशीतला पोरगा. त्यांनी त्याच्या खांद्यांकडे बघितलं होतं, आणि खांदे तरुण होते म्हणून पावलंही तरुणच पडली असतील असं धरून चालल्या होत्या. शेवटच्या रांगेत टोपी वर सरकलेली त्यांना मान वळवून बघताना दिसली. आता दिग्दर्शक खुर्चीत पुढे झुकून बसला होता. त्याचा नट ना म्हातारपणाच्या दृश्यांत लंगडला होता, ना विशीतल्या. हे इथे बसलेल्यांपैकी सर्वांत जास्त त्यालाच माहीत होतं.

वाद चांगलाच रंगला. कोणाला म्हाताऱ्याला लहानपणी घोड्याने लाथ मारली असावी असं वाटलं, कोणाला पहिल्याच खुनाच्या वेळी गोळी लागली असावी असं. दातांचे डॉक्टर म्हणाले की तो लंगडत नसून त्याच्या एका बुटात पिस्तूल आहे. पावलंबाई ऐकत राहिल्या. एवढी माणसं, एवढ्या तावातावाने, आपल्या गुडघ्याबद्दल भांडतायत, आणि त्यातल्या एकालाही ते ठाऊक नाही. आधी कानशिलं तापली होती. मग हळूहळू, त्यांना नको असताना, हसू यायला लागलं. त्यांनी ते शालीच्या टोकात दाबलं.

तेवढ्यात एक नर्स उभी राहिली. ड्यूटीवरून तशीच आली असावी, छातीवर घड्याळ लटकत होतं.

"मला पाय, डोळे, काही कळलं नाही," ती म्हणाली. "मला एवढंच वाटत होतं, अरे बाबा, एकदा तोंड उघडून सांग की! जमत नाही म्हण! दोन तास आमचा जीव टांगणीला लावलास."

"त्याच्या धंद्यात सांगितलं तर गोळी घालतात, ताई," टॅक्सीवाला म्हणाला.

"त्याच्या धंद्यात घालतात. पण आमच्याकडे येणारी माणसं? त्यांना कोण गोळी घालणार आहे? वर्षवर्ष गुडघा ओढत येतात आणि विचारलं की म्हणतात, कालपासून दुखतोय. मास्तर येतात, बँकेतले येतात, आजी येतात. 'कालपासून.' मी आता विचारतच नाही."

सगळं थिएटर हसलं. पावलंबाईही हसल्या, मोठ्याने, आणि आपलाच आवाज ऐकून चपापल्या. मुख्याध्यापिकेचं लक्ष लगेच तिकडे गेलं. शाळेत इतकी वर्षं घालवल्यावर हसणारा नेमका कोण हे हेरता येतं.

"तुम्ही. निळ्या शालीवाल्या ताई. तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत."

नियम होता, तोंडातून ब्र काढायचा नाही. पण गप्प राहणंही आता शक्य नव्हतं. पावलंबाई उठल्या, खुर्चीचा हात धरून, आधी उजव्या पायावर.

"मला," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "शेवटी तो दार उघडतो ना, तेव्हा मला बरं वाटलं."

"का? आत काय आहे तेही दाखवलेलं नाही."

"काही का असेना. चालायचं संपलं त्याचं."

कोणी हसलं नाही. आजींनी वळून त्यांच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

बाहेरच्या दालनात तिकिटाची खिडकी बंद होती आणि एका टेबलावर चहाचं मोठं भांडं ठेवलं होतं. माणसं कपात फुंकर मारत अजून भांडतच होती. भाऊजी दोन कप घेऊन आले आणि भिंतीजवळच्या बाकावर पावलंबाईंच्या शेजारी बसले. 

"जिना माझी चूक," भाऊजी म्हणाले.

"तुमची?"

"मी सरळ करायला विसरलो."

पावलंबाईंनी कप बाकावर ठेवला. "सरळ म्हणजे?"

"वहिनी, आता तुम्ही रागावणार." भाऊजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. अवघड काही बोलायचं असलं की ते आधी चष्मा पुसायचे. "वर्षभर झालं. तुमचं डावं पाऊल उशिरा पडतं. मी ते उचलून अलगद पुढे सरकवतो, थोडा आवाज भरतो. कोणाला कळत नाही. मागच्या सिनेमातला तो पोलीस, तो मी सरळ केलेला. त्याच्या आधीची शाळामास्तरीण. या म्हाताऱ्यालाही जिथे पाय दिसतात तिथे सरळ केलाय. पण त्या बोळात आणि बाकी एकदोन ठिकाणी पाय दिसत नव्हते, आणि..." ते अडखळले. "आणि मला ते फार बरोबर वाटलं. म्हटलं राहू दे. म्हातारा आहे."

"आणि जिना?"

"जिन्याचं काय झालं, खरं सांगू? मी ऐकला. दोनदा ऐकला. मला काही वेगळं वाटलंच नाही. वर्षभर तोच आवाज कानात, वहिनी. आता तुमचं लंगडणंच मला सरळ वाटायला लागलंय. परवा रस्त्यात एक जण धड चालत गेला तर मला वाटलं, याचं काय बिनसलंय?"

पावलंबाईंना रागवायचं होतं. वर्षभर हा माणूस रोज आपल्या मागून आपली पावलं झाडून-पुसून नीट लावत होता, आणि काचेपलीकडून अंगठा दाखवत होता. रागवायला हे पुरेसं होतं. पण राग शोधायला गेल्या तर तिथे तो नव्हताच. बऱ्याच दिवसांनी घट्ट बूट काढावा तसं काहीतरी पायापासून वर सरकत होतं.

"बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून. दादा म्हणाला, तिला तिच्या वेळेनं बोलू दे."

"दादा? ह्यांना माहीत आहे?"

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तो माझा भाऊ आहे. बहिरा नाही. तुम्ही संध्याकाळी जिना चढता ते तो रोज ऐकतो. मला म्हणाला, पायरीला एक आवाज यायचा, आता दीड येतो."

पावलंबाईंना एकदम वर्षभराचं घर दिसलं. नवऱ्याने भाजीची पिशवी स्वतः वर आणायला सुरुवात केली होती, तेवढाच व्यायाम म्हणून. डाळीचे डबे खालच्या फळीवरून ओट्यावर आले होते, नवऱ्यालाच खाली वाकवत नाही म्हणून. संध्याकाळचं फिरणं बंद झालं होतं, कारण त्याची पाठ धरते.

"मग पाठ दुखत नाही त्यांची?"

"दादाची पाठ? तो सकाळी तुम्ही कामावर गेलात की गच्चीत सूर्यनमस्कार घालतो."

पावलंबाई हसायला लागल्या ते थांबेनात. बाक हलला आणि चहा हिंदकळून त्यावर सांडला. वर्षभर रोज रात्री त्या नवऱ्याच्या धडधाकट पाठीला बाम चोळत होत्या, आणि तो बिचारा मुकाट्याने चोळून घेत होता. "लबाड," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दोघंही लबाड. सख्खे भाऊ शोभता."

"आणि तुमचं ते व्हिटॅमिन?" भाऊजी म्हणाले.

एवढ्यात दिग्दर्शक माणसांमधून वाट काढत आला. टोपी हातात, केस विस्कटलेले, चेहरा नुसता फुललेला. तो बाकासमोर उकिडवाच बसला.

"मावशी! तुम्ही काय करून ठेवलंत हे? मी त्या नटाला तीन महिने सांगत होतो, जरा थकलेला चाल, जरा थकलेला चाल. तो चालला सैनिकासारखा. आणि तुम्ही आवाजातून म्हातारा उभा केलात! मला न विचारता! मुद्दाम केलंत ना?"

पावलंबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. किती सोपं होतं. त्याने दार उघडून धरलं होतं. त्यांनी फक्त "हो" म्हणायचं होतं. हो, मुद्दाम केलं, मला सुचलं. उद्या हे सगळीकडे पसरलं असतं, पुढचं काम आपणहून चालत आलं असतं.

"फक्त तो जिना," दिग्दर्शक पुढे म्हणाला. "तिथे तो धडधाकट हवा मला. तिथे धावता हवा, म्हणजे शेवटी थकलेला कळेल. तो टॅक्सीवाला बरोबर बोलला. सोमवारी तेवढा जिना परत करू या? विशीतला पोरगा. एका दमात. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

 भाऊजींनी पावलंबाईंकडे बघून अगदी बारीक मान हलवली, आणि इतक्या वर्षांत काचेतून एकमेकांना बघून बघून पावलंबाईंना त्यांची प्रत्येक मान कळत होती. ही म्हणत होती: टाका तुम्ही, मी करतो सरळ.

म्हणजे दारं दोन होती, आणि दोन्ही सताड उघडी. पावलंबाईंनी क्षणभर दोन्हींकडे पाहिलं. समोर ती नर्स रिकामा कप टेबलावर ठेवून पिशवी खांद्याला लावत निघाली होती. कॉलेजची मुलं अजून टॅक्सीवाल्याला क्लू समजावून सांगत होती आणि तो त्यांना चहा पाजत होता. ज्या वाक्याला त्या वर्षभर भ्यायल्या, ते आता जिभेच्या अगदी टोकाशी येऊन बसलं होतं, आणि नवल म्हणजे ते फारसं मोठं वाटत नव्हतं. घरी तर ते कधीच पोचलेलं होतं. भाऊजींच्या कानात ते वर्षभर वाजत होतं. आज तर थिएटरभर माणसांनी ते ऐकलं होतं, त्याच्यावर भांडण केलं होतं, आणि एका आजींनी त्याची तारीफही केली होती. राहिलं होतं एकच माणूस, ज्याने ते अजून म्हटलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून बूट काढले आणि दिग्दर्शकाच्या हातात दिले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, काय बघायचं ते न कळून.

"डावी टाच बघ," पावलंबाई म्हणाल्या. "बाहेरून झिजली आहे ना? ती मी झिजवली. मुद्दाम नाही, अरे. माझा गुडघा गेलाय. कालपासून नाही, वर्ष झालं. बोळातली पावलं ठेव, ती खरी आहेत. पण जिना दुसऱ्या कोणाकडून उतरवून घे, एखाद्या पोरसवदा माणसाकडून. त्याला खांद्यांकडे बघायला मी शिकवीन, खुर्चीत बसून." त्यांनी श्वास घेतला. तो सरळ खोल आत गेला, कुठेही न अडता. "मला आता जमत नाही. मी ऑपरेशन करून घेणार आहे, आणि पावलं टाकणं आजपासून बंद."